टर्मिनलपासून मेनफ्रेमपर्यंत, केबलच्या वाटेने सहा दिवस

निघण्याआधी

तक्रार थोडक्यात अशी. दूरच्या कार्यालयातून मेनफ्रेमकडे, म्हणजे डेटा सेंटरमधल्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाकडे, दोन लिंक जातात. मुख्य लिंक एका सेवादात्याची थेट सर्किट आहे. दुसरी लिंक वेगळ्या सेवादात्याच्या इंटरनेटवरून जीआरई (पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये घालणं) आणि आयपीसेक (ते सांकेतिक करणं) यांच्या बोगद्यातून जाते. मुख्य लिंक पडली की आलेखावर दुसरी उभी राहिलेली दिसते आणि पिंग, म्हणजे पोहोच तपासायचं छोटं पॅकेट, तेही जातं, तरी ३२७० टर्मिनलचे (मेनफ्रेमवर काम करायच्या अक्षरी टर्मिनलचे) स्क्रीन गोठतात. प्रिंटर पूर्ण थांबतात, काहींना पुन्हा लॉगिनच करता येत नाही. मुख्य लिंक परत आली की सगळं आपोआप सुरळीत होतं, त्यामुळे प्रत्येक वेळी तपास तिथेच संपतो.

असं दुखणं दूरून लॉगिन करून शोधता येत नाही. जी लिंक तोडून बघायची, तिच्यावरूनच आपण आत आलेलो असतो. म्हणून पॅकेट जातं त्याच क्रमाने जायचं ठरलं: आधी कार्यालयाची रॅक, मग रस्ता, मग डेटा सेंटर, शेवटी मेनफ्रेमचं कार्ड.

सोबत घेतलेलं सामान: दोन प्रकारच्या कन्सोल केबल, वायरचं पोर्ट असलेला लॅपटॉप, पोर्ट मिररिंग करणारा छोटा स्विच, एलसी आणि एससी टोकांच्या पॅचकॉर्ड, फायबर साफ करायचा पेन आणि टोक तपासायचा स्कोप, ऑप्टिकल पॉवर मीटर, ओटीडीआर (प्रकाशाचा स्पंद सोडून फायबरमधल्या सांध्यांची अंतरं मोजणारं यंत्र), १३१० नॅनोमीटरचे दोन सुटे एसएफपी (राउटरला फायबर जोडायचे मॉड्यूल) आणि स्वतंत्र मोबाइल डेटा. हा डेटा दोन्ही लिंक तोडल्यावरही राउटरच्या कन्सोलपर्यंत पोहोचण्यासाठी. दोन्ही टोकांच्या राउटरचं कॉन्फिगरेशन कागदावर छापून घेतलं. निघण्याआधी सगळ्या राउटर, फायरवॉल आणि मेनफ्रेमची घड्याळं एकाच एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवली. पुढचा सगळा तपास सेकंदा-सेकंदाच्या नोंदी शेजारी ठेवून करायचा असतो. घड्याळात चाळीस सेकंदांचा फरक असेल तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

पहिला दिवस: रॅक

पोहोचल्यावर लॅपटॉप उघडलाच नाही. प्रत्येक केबल हाताने धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली आणि नकाशा नव्याने काढला. जुन्या नकाशात दोन राउटर दोन वेगळ्या यूपीएसवर होते. प्रत्यक्षात दोन्हींचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात होते. हे अर्ध्या तासात सुटलं.

दुसऱ्या लिंकच्या एसएफपीवर येणारा प्रकाश −१७.८ डीबीएम होता (प्रकाशाच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश जास्त). १३१० नॅनोमीटरच्या गिगाबिट एलएक्स एसएफपीची मर्यादा −१९ डीबीएम असते, म्हणजे हातात जेमतेम सव्वा डेसिबल. स्कोपखाली पॅचकॉर्डच्या टोकावर गाभ्याशेजारीच तेलकट डाग दिसला. साफ केल्यावर आकडा −१२.६ वर आला. हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण रिकाम्या लिंकवर त्रुटींचा काउंटर फारसा चढत नाही. वाहतूकच नसेल तर बिघडणार कुठलं पॅकेट? त्यामुळे राखीव लिंकचा प्रकाश महिन्यातून एकदा नोंदवायलाच हवा.

मुख्य लिंकवर अडचण वेगळी निघाली. सेवादात्याचा फायबर आधी मीडिया कन्व्हर्टरमध्ये येतो आणि तिथून तांब्याची केबल राउटरला जाते. फायबरचं टोक काढलं तरी राउटरचं पोर्ट हिरवंच राहिलं. फायबर बंद झाला की तांब्याचं पोर्टही पाडण्याची सोय अनेक कन्व्हर्टरमध्ये असते, बहुतेक वेळा छोट्या डिपस्विचवर. इथे ती बंद होती. राउटर मात्र लिंकची तब्येत फक्त पोर्टच्या दिव्यावरून ओळखत होता.

दोन राउटरपैकी काम कुणी करायचं हे अग्रक्रमावरून ठरवणारं एचएसआरपीही त्याच पोर्टवर नजर ठेवून होतं. मुख्य राउटरचा अग्रक्रम १२०, दुसऱ्याचा मूळचा १००, आणि पोर्ट पडल्यावर होणारी वजावट १०. पोर्ट खरंच पडलं असतं तरी मुख्य राउटर ११० वर, म्हणजे वरचढच राहिला असता. शिवाय दुसऱ्या राउटरवर प्रीएम्प्ट (अग्रक्रम वरचढ होताच काम आपल्याकडे घेण्याची मुभा) लावलेलं नव्हतं, आणि एचएसआरपीत ते मुळात बंदच असतं. वजावट ३० केली, दोन्हीकडे प्रीएम्प्ट लावलं आणि मुख्य राउटरच्या प्रीएम्प्टला ३०० सेकंदांचा विलंब दिला. पडत-उठत राहणारी लिंक सरळ पडलेल्या लिंकपेक्षा जास्त त्रास देते. पाच मिनिटं स्थिर राहिल्याशिवाय मुख्य लिंकवर परतू नये, हा त्या विलंबाचा हेतू.

दुसरा दिवस: गोठलेला स्क्रीन

आजचा सगळा दिवस एकाच प्रश्नावर गेला: पिंग जातं, मग स्क्रीन का गोठतो?

लॅपटॉप मिरर पोर्टला लावून वायरशार्क, म्हणजे पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम, सुरू केलं. मुख्य लिंकवर एक टर्मिनल सेशन उघडलं आणि मग वाहतूक हाताने दुसऱ्या लिंकवर वळवली. मेन्यूचा छोटा स्क्रीन आला, निवड केल्यावर पुढचाही आला. खात्यांची पूर्ण भरलेली यादी मागितली आणि टर्मिनल थांबलं.

३२७० चा नेहमीचा स्क्रीन २४ ओळी आणि ८० स्तंभांचा, म्हणजे १,९२० अक्षरांचा. त्यात क्षेत्रांच्या खुणा आणि पत्त्यांचे ऑर्डर मिळवले की भरलेला स्क्रीन सहज दोन हजार बाइटच्या वर जातो. १,५०० बाइटच्या इथरनेटवर टीसीपीच्या एका तुकड्यात १,४६० बाइट मावतात. म्हणजे छोटा मेन्यू एका लहान पॅकेटमध्ये येतो आणि भरलेल्या यादीला एक पूर्ण पॅकेट व वर थोडा शेष लागतो. वायरशार्कमध्ये नेमकं हेच दिसलं. शेषाचा छोटा तुकडा पोहोचत होता, त्याच्या आधीचा १,४६० बाइटचा तुकडा कधीच येत नव्हता, आणि टर्मिनल तीच जुनी पोच पुन्हा पुन्हा पाठवत होतं. उशिराचा लहान तुकडा हजर आणि आधीचा मोठा गायब, हे चित्र दिसलं की एमटीयूकडे, म्हणजे वाटेत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटच्या आकाराकडे, बघावं.

बोगद्याचं गणित साधं आहे. जीआरईचे २४ बाइट, त्यावर आयपीसेकचा बोजा. हा बोजा सांकेतीकरणाच्या पद्धतीप्रमाणे बदलतो, म्हणून बोगद्याचा एमटीयू १,४०० ठेवण्याची रीत आहे आणि इथेही तेवढाच होता. मेनफ्रेमच्या टीसीपीआयपी प्रोफाइलमध्ये पाथ एमटीयू डिस्कव्हरी (वाटेत किती मोठं पॅकेट मावतं ते शोधण्याची सोय) सुरू होती, म्हणून प्रत्येक पॅकेटवर 'तुकडे करू नका' हा बिट लागलेला. अशा वेळी बोगद्याच्या तोंडाशी असलेला राउटर पॅकेट टाकून देतो आणि आयसीएमपीच्या (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) प्रकार ३, कोड ४ च्या संदेशाने मेनफ्रेमला कळवतो की लहान पाठव. हा संदेश डेटा सेंटरमधला फायरवॉल अडवत होता. मेनफ्रेमला काही कळत नव्हतं आणि तो तोच मोठा तुकडा पुन्हा पाठवत राहत होता.

कार्यालयातून केलेली चाचणी इथे फसवते. विंडोजवर तुकडे न करण्याच्या पर्यायासह १,४७२ बाइटचा पिंग पाठवला की कार्यालयातलाच राउटर 'मोठं आहे' असा निरोप लगेच देतो, आणि १,३७२ चा पिंग सुखरूप जातो, कारण २८ बाइटचे शीर्षभाग मिळून तो बरोबर १,४०० होतो. या दिशेला आयसीएमपी चालतं. दुखणं उलट दिशेला आहे. चाचणी दोन्ही टोकांवरून केली नाही तर ते दिसत नाही.

मग एक जुना समज आठवला: 'एम्युलेटर (संगणकावर ३२७० टर्मिनल चालवणारा प्रोग्राम) बंद करून पुन्हा उघडा, चालतं.' आणि खरंच चालत होतं. बोगद्याच्या इंटरफेसवर कुणीतरी टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका तुकड्यात मावणाऱ्या माहितीची कमाल मर्यादा, १,३६० वर बांधलेला होता, आणि तो आकडा बरोबरच आहे, १,४०० वजा ४०. पण एमएसएस फक्त जोडणी सुरू होताना, सिन (SYN) पॅकेटमध्ये सांगितला जातो. मुख्य लिंकवर सकाळी जन्मलेल्या सेशनने १,४६० ठरवून टाकलेला असतो. दुपारी ते सेशन दुसऱ्या लिंकवर आलं तर बोगद्यावरचं बंधन त्याला लागू होत नाही, कारण आता सिन पॅकेट जाणारच नाही. नवी सेशन चालतात आणि जुनी गोठतात, त्याचं कारण हे.

उपाय: एमएसएसचं बंधन बोगद्यावर नव्हे, दोन्ही राउटरच्या लॅनकडच्या इंटरफेसवर १,३६० ने लावलं. आता कुठल्याही लिंकवर जन्मलेलं सेशन अरुंद वाटेत मावेल एवढंच असतं. दर पॅकेटमागे १०० बाइट, म्हणजे सात टक्क्यांहून कमी जागा जाते. टर्मिनलच्या कामाला ती जाणवतही नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते: आधीपासून उघडी असलेली सेशन जुन्याच आकड्यावर राहतात. टर्मिनल रोज बंद होतात, पण प्रिंटरची सेशन आठवडेच्या आठवडे उघडी असतात. ती संध्याकाळी एकेक करून तोडून पुन्हा जोडली.

तिसरा दिवस: रस्ता

डेटा सेंटरकडे निघताना रस्त्याच्या कडेच्या फायबरच्या खुणा बघत जायचं ठरलं. सेवादाते दोन, त्यामुळे वाटाही दोन, असं सगळेच धरून चालले होते.

निघण्याआधी पहाटे, दोन्ही सेवादात्यांची आगाऊ परवानगी घेऊन, कार्यालयातून एकेका तंतूवर ओटीडीआर चालवला. टोकाला लाँच केबल लावावी लागते, नाहीतर सुरुवातीचे काही मीटर आंधळे राहतात. आणि दुसऱ्या टोकाला एसएफपी जोडलेला असताना ओटीडीआरचा स्पंद कधीही सोडू नये, समोरचा रिसीव्हर जळू शकतो. दोन्ही आलेखांवर सांध्यांची अंतरं सुरुवातीला वेगळी होती. पण आठव्या किलोमीटरनंतर एकाच अंतराने तीन सांधे दोन्हीकडे दिसले.

गाडी त्या अंतरावर पोहोचली तेव्हा समोर नदीवरचा पूल होता. दोन्ही सेवादात्यांच्या नळ्या एकाच लोखंडी आधारावरून, हातभर अंतरावर, पुलाखालून जात होत्या. त्या पट्ट्यात रस्ता खोदला गेला किंवा पुलाला धक्का बसला तर दोन्ही लिंक एकाच क्षणी जातील. ट्रेसराउटमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण ते पॅकेटच्या वाटेवरचे राउटर दाखवतं, नळ्या दाखवत नाही. दोन्ही सेवादात्यांकडे भौगोलिक मार्गाचा नकाशा लेखी मागावा आणि नवीन करारात मार्ग वेगळा असण्याची अट घालावी. पूल ओलांडणारी तिसरी वाट हवी तर ती बिनतारी असणंच शहाणपणाचं: मायक्रोवेव्ह किंवा मोबाइल डेटा. मोबाइल डेटावर एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. सेवादात्याचं नॅट (पत्ते बदलून देणारी यंत्रणा) शांत बसलेली जोडणी विसरून जातं, त्यामुळे टीएन३२७० ची, म्हणजे टीसीपीवरून चालणाऱ्या ३२७० सेशनची, जोडणी थेट त्यावर न ठेवता आयपीसेकच्या बोगद्यात ठेवावी आणि बोगद्याची जिवंतपणाची खूण थोड्या थोड्या सेकंदांनी जात राहील असं बघावं.

चौथा दिवस: डेटा सेंटर

जाण्याची वाट सगळे तपासतात, परतीची फार कमी जण. डेटा सेंटरमधल्या मुख्य राउटरवर कार्यालयाच्या टर्मिनलांचा पत्तागट बीजीपीने (राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या प्रोटोकॉलने) शिकलेला होता, तो ठीक. प्रिंटरांचा पत्तागट वेगळा होता आणि त्यासाठी एक स्थिर मार्ग हाताने लिहिलेला होता, उभारणीच्या काळापासून राहिलेला. स्थिर मार्गाचं प्रशासकीय अंतर (कमी आकडा म्हणजे जास्त विश्वास) १, बाहेरच्या बीजीपीचं २०, म्हणून स्थिर मार्ग कायम जिंकतो. पोर्ट पडलं तर तो निघून गेला असता. पण या टोकालाही तसाच मीडिया कन्व्हर्टर होता, पोर्ट हिरवंच राहायचं आणि प्रिंटरकडे जाणारं प्रत्येक पॅकेट बंद सर्किटमध्ये पडायचं. पिंगची चाचणी नेहमी टर्मिनलच्या पत्त्यावरून होत होती, म्हणून हे कधी सापडलं नाही. स्थिर मार्ग काढला. प्रत्येक पत्तागटातून एक पत्ता निवडून पिंग करायला हवं.

फायरवॉलवर आयसीएमपी प्रकार ३ कोड ४ सोडला. दोन फायरवॉल सेशनची नोंद एकमेकांना देतात हे तपासलं. देत नसतील तर वाट बदलताच चालू सेशन दुसऱ्या फायरवॉलला अनोळखी ठरतं आणि तो ते टाकून देतो, मग बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग होत नाही.

इथेच एंटरप्राइज एक्स्टेंडरचा (मेनफ्रेमचं जुनं एसएनए नेटवर्किंग आयपीवरून नेणाऱ्या सोयीचा) एक छोटा दोष निघाला. कार्यालयातला एक सर्व्हर अजून एसएनएवर बोलतो, यूडीपीवरून. त्याला १२००० ते १२००४ असे पाच पोर्ट लागतात: १२००० वर जोडणीचा संवाद, पुढच्या चारांवर अग्रक्रमानुसार माहिती. दुसऱ्या लिंकच्या नियमात फक्त १२००० ते १२००३ लिहिले होते. जोडणी उभी राहत होती, तातडीचं काम चालत होतं आणि सर्वांत खालच्या अग्रक्रमाचं, म्हणजे रात्रीचं फाइल पाठवण्याचं काम तेवढं अडकत होतं.

शेवटी मेनफ्रेम. त्याला दोन ओएसए (नेटवर्क) कार्डं, दोन वेगळ्या स्विचना जोडलेली. पण एम्युलेटरच्या प्रोफाइलमध्ये पहिल्या कार्डाचा थेट पत्ता लिहिलेला. दोन्ही कार्डं एकाच लॅनवर असतील तर एक पडल्यावर दुसरं त्याचा पत्ता एआरपीने उचलतं. ती वेगळ्या पत्तागटांत असतील तर तसं होत नाही, आणि इथे ती वेगळीच होती. यासाठी मेनफ्रेमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये व्हीआयपीए असतो, कुठल्याही कार्डाला न बांधलेला पत्ता. मेनफ्रेमवरचा वाटा सांभाळणारा प्रोग्राम ओएमपीराउट तो ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलने दोन्ही कार्डांवरून जाहीर करतं आणि एक कार्ड गेलं तरी पत्ता जिवंत राहतो. ओएमपीराउटच्या फाइलमध्ये राउटरचा अग्रक्रम ० ठेवावा, म्हणजे मेनफ्रेमवर त्या लॅनच्या मुख्य राउटरचं काम येत नाही, आणि ओएसपीएफचं क्षेत्र स्टब (बाहेरच्या वाटांची यादी न घेणारं) ठेवावं. मेनफ्रेमकडून प्रिंटरकडे जाणाऱ्या जोडण्यांसाठी सोर्सव्हीआयपीए (निघतानाही व्हीआयपीएचाच पत्ता वापरण्याचा पर्याय) लावावं, नाहीतर त्या निघताना पुन्हा कार्डाचाच पत्ता घेतात. एम्युलेटरमध्ये आकडी पत्त्याऐवजी नाव लिहिलं आणि ते नाव व्हीआयपीएकडे वळवलं.

पाचवा दिवस: रात्रीची तोडफोड

ठरलेली वेळ रात्री एक ते चार. एकजण कार्यालयात, एकजण डेटा सेंटरमध्ये, मध्ये फोन. दर सेकंदाला वेळेसह पिंग, एक भरलेल्या स्क्रीनची पानं उलटणारं सेशन, एक शांत बसलेलं सेशन, दहा पानांचं प्रिंट आणि एक फाइल हस्तांतर, एवढं सतत चालू ठेवून प्रत्येक तोड केली.

पहिली तोड जुन्याच वेळांवर, तुलनेसाठी. मीडिया कन्व्हर्टरच्या पलीकडे फायबर काढला. बीजीपीचा मूळ होल्ड टाइम (समोरचा गप्प झाल्यावर थांबायची वेळ) १८० सेकंदांचा, त्यामुळे जवळपास तीन मिनिटं पॅकेटं बंद सर्किटमध्ये जात राहिली. पानं उलटणारं सेशन मेलं, शांत बसलेलं वाचलं. त्याचं कारण टीसीपीच्या थांबण्याच्या पद्धतीत आहे. उत्तर आलं नाही की तो दर वेळी दुप्पट थांबून पुन्हा पाठवतो. पहिला कालावधी १ सेकंद धरला तर पुनर्प्रयत्न होतात १, ३, ७, १५ आणि ३१ व्या सेकंदाला. विंडोजची मूळ मर्यादा पाच पुनर्प्रयत्नांची, त्यानंतर, ६३ व्या सेकंदाच्या सुमारास, जोडणी सोडली जाते. ज्याने तोडीच्या वेळी एंटर दाबलं त्याचं सेशन गेलं, जो विचार करत बसला होता त्याचं टिकलं. लिंक २० व्या सेकंदाला परत आली, तरी पुढचा प्रयत्न ३१ व्या सेकंदाला. माणसाला तोड खऱ्यापेक्षा लांब वाटते ती यामुळे.

मग बीएफडी, म्हणजे दोन राउटरनी एकमेकांना सतत छोटी पॅकेटं पाठवून लिंक जिवंत आहे का ते बघणं, लावलं. मुख्य सर्किटवर ३०० मिलिसेकंद आणि तीन चुकांची मुभा, म्हणजे ०.९ सेकंदात निदान. इंटरनेटच्या बोगद्यावर १ सेकंद आणि तीन चुका, कारण तिथे विलंब हेलकावे खातो आणि फार कडक वेळ लावली तर चांगली लिंकही पडल्यासारखी दिसते. एचएसआरपीचे ३ आणि १० सेकंद बदलून १ आणि ३ केले.

पुढच्या तोडी अशा: मुख्य राउटरची लॅन केबल, मुख्य राउटरची वीज, फायबरचे दोन्ही तंतू, फायबरचा फक्त एकच तंतू, आणि डेटा सेंटरच्या राउटरवर फिल्टर लावून दिवे हिरवे ठेवत केलेली तोड. शेवटच्या दोन सर्वांत महत्त्वाच्या. एका दिशेने मेलेली आणि दुसऱ्या दिशेने जिवंत लिंक प्रत्यक्षात वारंवार घडते, चाचणीत मात्र केबल उपटण्याच्या पलीकडे क्वचितच जातात. फायबरच्या दोन्ही आणि फिल्टरच्या तोडीत एक किंवा दोन पिंग हरवले, वीज काढल्यावर चार. भरलेला स्क्रीन प्रत्येक वेळी आला, प्रिंटचं एकही पान अर्धवट राहिलं नाही. नंतर हाच क्रम एकेका ओएसए कार्डाची केबल काढून केला. ओएसपीएफची वाट बदलली आणि व्हीआयपीएवरची सेशन टिकली.

सहावा दिवस: अडकलेली नावं

एकच तक्रार उरली होती: 'पुन्हा लॉगिन होत नाही.' टर्मिनलकडची जोडणी तुटली तरी टीएन३२७० सर्व्हरला ते कळत नाही आणि त्याच्या लेखी ते एलयू नाव (मेनफ्रेमकडे त्या टर्मिनलची किंवा प्रिंटरची ओळख) अजून वापरात असतं. ठरावीक एलयू नाव बांधलेल्या प्रिंटरांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो. सर्व्हरच्या प्रोफाइलमध्ये टाइममार्क (किती वेळ शांत राहिल्यावर हाक मारायची) आणि स्कॅनइंटरव्हल (ते किती वेळाने तपासायचं) हे दोन आकडे असतात. निष्क्रिय सेशनला सर्व्हर हाक मारतो आणि उत्तर आलं नाही तर ते साफ करतो. टाइममार्क तासांवरून १० मिनिटांवर आणला. त्याहून खाली नेला नाही, कारण लिंक बदलण्याच्या क्षणी जिवंत सेशनवरच घाव पडू शकतो. ठरावीक नावाच्या प्रिंटरांसाठी टीकेओएसपीईसीएलयू लावलं, त्याने तेच नाव मागणारी नवी जोडणी जुन्या मेलेल्या जोडणीकडून ते काढून घेते.

परतीच्या वाटेवर पुन्हा कार्यालयात थांबून, भर कामाच्या वेळी, सगळ्यांना आधी सांगून, मुख्य लिंकचा एक तंतू काढला. बीएफडीची नोंद पडली, एका टर्मिनलवर पान उलटायला सेकंदभर उशीर झाला, दोन प्रिंटर चालत राहिले. तंतू परत लावला आणि पाच मिनिटांनी एचएसआरपी आपणहून मुख्य राउटरवर गेलं. पाचही तोडींचा क्रम, अपेक्षित सेकंद आणि तारखेसाठी रिकामे रकाने असलेला कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवला आहे. पुलावरचा प्रश्न मात्र तसाच आहे. तिसऱ्या, बिनतारी वाटेचा अँटेना कुठे बसवता येईल हे बघायला छताची मापं घेऊन ठेवली आहेत.